बस्रिलने बांधलेले पिंजरे

पारियामान गावातल्या आमच्या गल्लीत बस्रिलचं वेल्डिंगचं दुकान होतं. माझी चहाची टपरी त्याला लागूनच, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलंय. खिडक्यांचे गज, फाटकं, हातगाड्यांचे सांगाडे ही त्याची कामं. माकडाचा पिंजरा त्याने पहिल्यांदा केला तो खानावळवाल्या मार्लिससाठी. गिऱ्हाइकांच्या करमणुकीला मार्लिसला दारात माकड हवं होतं. बस्रिलने उभा, अरुंद पिंजरा बनवला आणि हौसेने त्याला हिरवागार रंग दिला. माकडाला दुसरा उद्योगच नव्हता. दिवसभर ते रंगाचे पापुद्रे दातांनी सोलत बसायचं. तीन महिन्यांत ओकून ओकून मेलं.

"जाऊ दे रे, माकडच ते," मार्लिस म्हणाला.

बस्रिलला ते जाऊ देता आलं नाही. दर शुक्रवारी नमाज झाली की तो गावामागच्या टेकडीवर जाऊन रानातल्या माकडांचा कळप बघत बसायला लागला. त्याची बायको नुरहैदा माझ्या टपरीवर येऊन वैतागायची, "नवरा कुठाय म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू? माकडांच्या शाळेत नाव घातलंय?"

पण तो खरंच शिकत होता. मला सांगायचा, "घाबरलं की माकड मागे नाही पळत, वर चढतं. मग पिंजरा बुटका कशाला करायचा? आणि अर्धा दिवस ते खाणं शोधण्यात घालवतं. आपण वाटीत घालून देतो आणि वर म्हणतो, हे असं वेड्यासारखं का करतं!"

अशात रोस्मानिदार त्याच्याकडे आली. आम्ही सगळे तिला उनी म्हणायचो, म्हणजे थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचा नारळ उतरवण्याचा धंदा होता, आणि झाडावर चढायचा तो त्यांचा बुयुंग, आखूड शेपटीचं थोराड माकड. नवरा वारला तेव्हापासून बुयुंग अंगणातल्या रंबुतानच्या फळझाडाला साखळीने बांधलेला होता. त्याआधी कामावर नसेल तेव्हाही तिथेच. एकूण अकरा वर्षं.

"बस्रिल, पोटचं पोर नाही मला. हाच आहे. मरायच्या आधी याला जरा मोकळं घर बांधून दे," उनी म्हणाली.

बस्रिलने त्या कामात जीव ओतला. नारळाच्या झाडाच्या निम्म्या उंचीचा पिंजरा. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू फळ्यांची, म्हणजे पाठीशी आधार राहील. रंगाचा एक थेंब नाही. एकामागे एक दोन दारं, म्हणजे चुकून निसटून रस्त्यावर जायचं भय नको. वर अर्धं छप्पर, उन्हातही बसता यावं आणि सावलीतही. लपायला खोकं, त्याला दोन तोंडं. जाड दोर, फांद्या, खाली माती आणि पालापाचोळा. उंचावर भोकं पाडलेल्या बांबूच्या नळ्या टांगल्या, आत शेंगदाणे. पाहायला सगळी गल्ली लोटली.

बस्रिलने बुयुंगच्या गळ्यातला पट्टा स्वतःच्या हाताने कापला. बुयुंग आत गेला, मधोमध थांबला आणि गोल फिरायला लागला. साखळीची लांबी होती तेवढ्याच गोलात. त्या रेषेपलीकडे एक पाऊल नाही.

"नवीन आहे, सरावेल," बस्रिल म्हणाला.

महिना झाला. पाचोळ्यात गोल वाट पडली. शेवटी उनीला राहवलं नाही. तिने नवऱ्यासारखीच हाळी दिली, "चढ, बुयुंग!" त्याबरोबर तो सरसर वर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने एकेक नळी धरली, नारळ पिरगाळावा तशी पिरगाळून तोडली आणि खाली टाकली. सगळ्या टाकून झाल्यावर उतरला आणि मान पुढे करून उभा राहिला. पट्टा घालून घ्यायला. शेंगदाण्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

उनी ओढणीआड रडली. बस्रिल माझ्या टपरीवर येऊन बसला. चहा निवून गेला तरी त्याने कप उचलला नाही.

"उदा, तुम्ही काय कमी केलंत?" मी म्हणालो. थोरल्या भावाला म्हणावं तसं मी त्याला उदा म्हणायचो.

"त्याला त्याच्यासारखं कुणीतरी हवंय रे. ते मी लोखंडातून कुठून काढू? आणि दुसरं पिल्लू आणायचं, तर आधी कुणीतरी त्याच्या आईला गोळी घालणार."

पावसाळ्यात बुयुंग त्याच गोल वाटेवर मरून पडलेला सापडला.

त्याच आठवड्यात मार्लिस दुकानात आला, खुशीत. "बस्रिल, उनीकडे बांधलास तसा मला बांधून दे. एवढं झकास घर मिळणार असेल तर पाळायला काय हरकत? पिल्लू सांगून ठेवलंय."

बस्रिलने हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. "नाही बांधणार."

"मग मी आपला जुनाच वापरतो. रंग काय, खरवडून टाकू."

बस्रिलने टेप काढला आणि मापं घ्यायला गेला. त्या वर्षी आमच्या गावात चार पिल्लं आली. चारही घरांतून तेच ऐकू आलं, की चांगला पिंजरा आता गावातच मिळतो.

पाचवं उनीच्या घरी आलं. मुठीएवढं, खांद्यात छर्रा अडकलेलं.

"उनी, हे का केलंत?" बस्रिलने विचारलं.

"अरे, तू एवढं मनापासून बांधलंस. ते रिकामं घर बघवेना मला."

"मोडून टाकतो मी तो. आत्ता."

"आणि याला कुठे ठेवू? साखळीला?"

पिल्लू उनीच्या बाहीला घट्ट धरून होतं. बस्रिलने त्याचा खांदा तपासला, छर्रा काढायला गुरांच्या डॉक्टरला बोलावलं आणि पिल्लाच्या मुठीला झेपतील असे बारीक दोर बांधले.

आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. खिडक्यांचे गज बंद झाले, पिंजऱ्यांचं काम मात्र संपत नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी तो पाचही घरी जातो, नळ्यांत शेंगदाणे भरतो, जाळीच्या तारांची टोचणारी टोकं वळवतो. परवा मी म्हणालो, "उदा, पुरे आता. गुडघे दुखतात ना?"

"ही जात तीस वर्षं जगते," तो म्हणाला. "मी काय तेवढा जगणार आहे? आहे तोवर तरी करू दे."

आणि शेंगदाण्यांची पिशवी उचलून तो लंगडत मार्लिसच्या खानावळीकडे निघाला.