मी ओ कोणाला दिली?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. आमचं घर चंद्रपूरचं, अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. घरात ताईत-गंडा कधी आला नाही. त्यात मी मानसोपचाराची डॉक्टर. लोकांना होणारे भास हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग. म्हणून हे लिहायचं बरेच दिवस टाळलं... पण आता लिहायचं ठरवलंय.

एमडीच्या शेवटच्या वर्षी माझं आउटरीच पोस्टिंग अहेरीला होतं. दर महिन्याला आम्ही आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरच्या गावांत जायचो. आम्ही म्हणजे मी, सुनीताबाई नावाच्या नर्स आणि ड्रायव्हर आनंदभाऊ.

रुकमा त्यातल्याच एका गावची. घरची धानाची शेती, नवरा संतोष, सासू. बाळंतपणानंतर ती गप्प होत गेली आणि मग बोलणंच बंद झालं. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. मी तिचा हात उचलून सोडला, तर तो तसाच हवेत राहिला. तिला दवाखान्यात भरती करा म्हणून मी खूप भांडले. घरचे तयार झाले नाहीत. गोळ्यांना मात्र हो म्हणाले.

पुढच्या फेरीत ती स्वतःच्या हाताने जेवत होती, चालत होती. सासू खूश. मी नव्हते. गोळ्यांनी हातापायांत बळ आधी येतं, मनातला अंधार मागाहून जातो. हेच दिवस सगळ्यांत धोक्याचे. तिला एकटी सोडू नका, असं मी संतोषला बजावून आले.

त्यानंतर गेलो ते ऑगस्टात. पावसाने जरा उघडीप दिली होती. दुपारी गावात शिरलो तर रुकमाच्या दारात ही गर्दी.

"सकाळपासून नाई बाई ती," संतोष रडकुंडीला आला होता. "मी धानाच्या रोवण्याले गेलो होतो. माय पोट्ट्याले झोपवून राह्यली होती... तेवढ्यात गेली कुठी तरी."

"शोधलं कुठे कुठे?"

"आखं गाव पाह्यलं. आता लोकं नाल्याच्या कडंनं गेले."

ओसरीवरचे एक म्हातारे म्हणाले, "तिले कोनं नेलं ते समजते आमाले. पुजाऱ्याले बोलावलं हाये. तुमी गाडी काढा बाई. नाला चढून राह्यला, रस्ता बंद होईन."

आनंदभाऊंनीही 'निघू या' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही खोटं नव्हतं.

"भाऊ, रुकमा सापडल्याशिवाय गाडी निघणार नाही," मी म्हटलं.

संतोष पुढे, मी आणि सुनीताबाई मागे, असे नाल्याच्या काठाने निघालो. पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. चिखलात पाय रुतत होते. आणि पाठीमागून, वरच्या अंगाने, एका बाईचा अगदी स्वच्छ आवाज आला —

"बाई, तिकडं नाई! इथी या. पाय अडकला माहा!"

मी गर्रकन वळले. "आले गं! थांब, आले!"

सुनीताबाई माझ्या आधीच वळल्या होत्या. "म्याडम, वरतून आला ना आवाज?"

"कोनाचा आवाज?" संतोष आमच्याकडे बघतच राहिला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. "तिकडं बांबूचं बन हाये. कोनी जात नाई तिकडं."

मी चढायला लागले. वाटेत पुन्हा हाक आली, मी पुन्हा ओ दिली. पुन्हा आली, पुन्हा दिली. काट्यांनी ओढणी फाटली. बांबूच्या दाट बेटामागे दोन दगडांच्या फटीत पाय अडकून रुकमा पडली होती. घोटा सुजलेला, ओठ कोरडे, दातखीळ बसलेली. डोळे उघडे.

"तूच हाक मारलीस ना गं?" मी विचारलं. पापणीही हलली नाही.

यावेळी घरच्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. आनंदभाऊंनी नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावरून, चढत्या पाण्यातून गाडी कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक. अहेरीत इंजेक्शनं आणि सलाईन सुरू झालं. काही दिवसांनी रुकमा बोलली. सासूकडे पाणी मागितलं.

आवाज जाड होता, घोगरा. नाल्यावर ऐकलेला तो हा नव्हता.

थोडी सावरल्यावर मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं.

"मराले गेली होती बाई," ती खाली बघून म्हणाली. "पाय अडकला, पडली. मंग पोट्ट्याची याद आली. तुमी येऊन राह्यल्या होत्या ते समजे. बोलाचं होतं, पन तोंडच उघडे नाई." मग तिने मान वर केली. "तुमी कोनाशी बोलत होत्या?"

"तुझ्याशीच. तू हाका मारत होतीस ना?"

"मी नाई. कोनीच बोलत नोतं तिथी. तुमचाच आवाज येत होता... आले, आले म्हून."

आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, हा प्रश्न मी किती पेशंटना विचारला असेल! त्या दिवशी तो मला विचारला गेला.

माझ्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ताण होता, तिला शोधायची तळमळ होती, मनाने आवाज तयार केला, असं ते म्हणाले. माझ्यापुरतं मी ते मान्यही केलं असतं. पण सुनीताबाईंना मी काही न सुचवता विचारलं होतं. त्यांनीही तेच शब्द सांगितले, पाय अडकल्याचेसुद्धा.

मी ते तिथेच सोडलं नाही. पुढच्या फेरीत नाला तसाच भरून वाहत होता. सुनीताबाईंना बांबूच्या बनात उभं करून जिवाच्या आकांताने ओरडायला लावलं. मी खाली, त्याच जागी. फक्त पाणी ऐकू आलं. मग जागा बदलून मी ओरडले. सुनीताबाईंनी खालून नकारार्थी हात हलवला.

पुढे मी हट्टाने अहेरीतच नोकरी मागून घेतली. त्या गावांत अजूनही जाते. ती हाक कोणाची होती, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. रुकमा मात्र आहे. मुलाला कडेवर घेऊन येते आणि गोळ्या कधी बंद करणार म्हणून माझ्याशी तावातावाने भांडते — तिच्या त्या जाड, घोगऱ्या आवाजात.