इंजिनाचा खरा रंग कोणता?

मंडळी, डोकं पार चक्रावलंय. जरा मदत करा.

आमच्या गल्लीच्या मंडळाचा यंदा गणपतीचा देखावा म्हणजे टोकदार नाकाचं जुनं वाफेचं इंजिन. पत्र्याचं नाक झकास जमलंय. रंगवायचं काम माझ्याकडं, आणि जुना फोटो मिळाला तोच नेमका ब्लॅक अँड व्हाइट!

म्हणून आज सकाळी वडलांना विचारलं. आबा त्या इंजिनावर फायरमन होते. म्हणाले, "काळं कुळकुळीत व्हतं की!"

शेजारी चहा पीत बसलेले दस्तगीरचाचा उसळले. ते तेव्हा मिरजेच्या शेडमध्ये इंजिनं धुवायचे. "काळं? हिरवंगार व्हतं! ह्या हातानं पुसलंय!"

"तू पुसलंस, पर कोळसा मी मारलाय!"

चाचा अर्धा चहा टाकून निघून गेले. असं कधीच झालं नव्हतं.

आई आतून म्हणाली, "अवो, त्येंनी धुतल्यावर हिरवं दिसत आसंल. तुमी कोळसा मारून परत आणस्तोवर काळं हुणारच की!"

आबा उठले. चपला घालून चाचांकडं गेले.

मला वाटलं, मिटलं. आता दोघं माझ्यासमोर उभे आहेत. आबा म्हणतात, "हिरवंच रंगीव." चाचा म्हणतात, "न्हाय, काळंच!" आणि परत जुंपली आहे.

डबा कुठला उघडू?