वलवणच्या फाटकावरचं चित्रण

वलवणला एका बंगल्याच्या फाटकावर आमच्या कंपनीचे कॅमेरे होते. चित्रण क्लाउडवर साठायचं आणि ते उघडायला आमचे सगळे प्रोग्राम एकच सामाईक कोड लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायचे. त्या दुपारी मी तिथे कॅमेरा बदलायला गेले होते. तेवढ्यात बाहेर किंकाळी ऐकू आली.

उतारावर लावलेली पर्यटकांची गाडी घरंगळली होती आणि त्यांच्यातलाच एक जण भिंतीशी चेपला गेला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. नेमका त्याच वेळी दुधाचा टेम्पो रिव्हर्स घेत मागे येत होता.

"यानेच गाडीला धडक दिली!" कुणीतरी ओरडलं. तिघांनी मिळून शिरगावच्या टेम्पोवाल्याला खाली ओढलं. पहिल्याच ठोशात त्याचे दात पडले. मग एकाने जॅकचा दांडा उचलला.

बंगल्याचे म्हातारे राखणदार आबा धावत आत आले. "ताई, कॅमेऱ्यात आसंल की समदं! दावा त्यांना, न्हाईतर जीव घेत्याल त्याचा!"

मी लॅपटॉप उघडला. 'ॲक्सेस डिनाइड.' पासवर्ड बरोबर होता. कालचं चित्रण उघडून बघितलं, तेही उघडेना. दुसऱ्या बंगल्याचंही नाही. म्हणजे बिघाड इथला नव्हता, लायब्ररीतच होता. मी सहकाऱ्याला फोन लावला.

"सकाळी लायब्ररी अपडेट केली रे तू?"

"हो. का गं?"

"काहीच उघडत नाहीये!"

"अरे देवा. चाचणीचं खातं तसंच राहिलं तिच्यात. त्याला खरं चित्रण बघायची परवानगीच नाही. जुनी आवृत्ती लाव."

बाहेर दांडा पडतच होता. मी जुनी आवृत्ती लावली आणि चित्रण उघडलं. रिकामी गाडी आपोआप सरकत होती. टेम्पो तिला शिवलासुद्धा नव्हता.

मी पळत जाऊन लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. दांडेवाल्याने शेवटपर्यंत बघितलं, मग लॅपटॉप हिसकावून फरशीवर आपटला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने मला केसांना धरून भिंतीवर ढकललं. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. आबांनी त्याच्या पाठीत काठी घातली तेव्हा कुठे त्याने मला सोडलं.

पोलिसांनी तेच चित्रण सहकाऱ्याकडून मागवून घेतलं आणि तिघांना नेलं. पाय मोडलेला आणि टेम्पोवाला, दोघे एकाच रुग्णवाहिकेतून गेले.

टेम्पोवाल्याचा कोपर आता सरळ होत नाही. टेम्पो त्याची बायको चालवते. मी दवाखान्यात त्याला भेटायला गेले, तेव्हा तो सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "मारत व्हते ना ताई, तवा मलाच वाटाय लागलं, माझ्याच हातनं झालं आसंल."