कमानीचं टोक

रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या गाड्या लावायच्या आवारातलं डांबर अजून गार असे. आठवड्यातली ही वीस मिनिटं बर्नडीन युर्कॅनिनला मनापासून आवडत. नंतर डांबर जे तापायला लागे ते संध्याकाळी सहापर्यंत, आणि बुटांच्या तळव्यांतून ऊन वर पिंढऱ्यांपर्यंत चढे. वय सत्तेचाळीस. पाच दिवस हॉस्पिटलच्या लाँड्रीत सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून ओल्या चादरी इस्त्रीच्या रुळांत सरकवायच्या, आणि शनिवार-रविवारी मध्यम-खर्ज सुराचा बॅरिटोन बिगुल तोंडाशी धरून पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या ना कुठल्या मैदानावर चालायचं. घरकामाला वार उरतच नसे. ते ती रात्रीच्या जेवणाआधी आणि जेवणानंतर, म्हणजे उभ्यानंच, करायची.

हे बिगुल-ढोलांचं पथक तिच्या वडिलांच्या वेळचं. लढाईवरून परतलेल्या आणि पुन्हा खाणीत उतरलेल्या माणसांनी ते काढलं. खाणी बंद पडल्या, मग शिवणकामाचे कारखाने आले, तेही एकेक करून गेले. पथक तेवढं राहिलं. वडील ढोल वाजवायचे. बायकांनी तेव्हा झेंडे धरायचे. बर्नडीननंही दोन उन्हाळे झेंडा धरला. त्र्याहत्तर साली एक बॅरिटोनवाला लग्न करून न्यू जर्सीला निघून गेला, आणि स्पर्धेला चार दिवस उरले होते. "मी वाजवते," ती म्हणाली. पुरुष हसले. मग कोणीतरी त्या माणसाचा गणवेशाचा कोट आणला, तो सगळ्यांच्या अंगाला लावून पाहिला, आणि तो फक्त बर्नडीनला बसला. कोट उसवायला-शिवायला वेळ नव्हता. वाजवता येतं का, हे नंतर पाहिलं.

नवराही पथकातच भेटला. जेरल्ड छोटा ढोल वाजवायचा. लग्न बसमध्येच जमलं असं म्हणायला हरकत नाही, कारण उन्हाळाभर माणसं एकमेकांच्या खांद्यावर झोपत. पाठ गेल्यावर जेरल्डनं ढोल सोडला. आता तो रविवारी गवत कापतो आणि रेडिओ ऐकतो. दर हिवाळ्यात तो विचारतो, "झालं ना आता?" ती म्हणते, "झालं." मार्चमध्ये ती तळघरातून बिगुल वर आणते. तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

तेवीस वर्षांत पथकाचा एकही अंतिम सामना तिनं चुकवला नव्हता. या वर्षीचा तीन आठवड्यांवर आला होता. आणि तिचा उजवा गुडघा गेल्या वर्षीच्या जूनपासून तिचा राहिला नव्हता.

हे कोणाला माहीत नव्हतं. पॅंटच्या आत ती दोन पट्टे गुंडाळायची. ते धुऊन न्हाणीघरात वाळत घालायची, आणि जेरल्डला सांगायची की लाँड्रीत उभं राहावं लागतं म्हणून. ते खोटंही नव्हतं.

काल, शनिवारी, स्पर्धेत त्यांचं पथक सहावं आलं. दोन आठवड्यांपूर्वी याच पथकांमध्ये ते चौथं होतं. सहावं येण्याचं कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. कार्यक्रमाच्या तिसऱ्या गाण्यात बारा बॅरिटोनवाले एका कमानीत उभे असतात. ती कमान दारासारखी फिरते. एक टोक बिजागरीसारखं जागेवर पाय उचलत राहतं, दुसरं टोक सोळा आकड्यांत, म्हणजे ढोलाच्या सोळा ठोक्यांत, लांब लांब टांगा टाकत मैदान ओलांडतं. ते टोक पुढे गेलं की त्याच्यामागे मोकळी वाट पडते, आणि त्या वाटेनं खांद्यावर अजस्र बिगुल घेतलेले सहा जण आरपार येतात. काल वाट पडलीच नव्हती. पहिला मोठा बिगुलवाला कमानीच्या टोकाशी येऊन करकचून थांबला, मागचे पाच त्याच्यावर आदळले. एकाचा ओठ फुटला.

तो पहिला म्हणजे वॉल्टर शांद्रा. वय त्रेसष्ट, आयुष्यभर छपरं शाकारलेला माणूस.

"बसा मंडळी," डेल म्हणाला. डेल क्रेस्गी कवायत बसवायचा. तिशीतला, नाकावर पांढरं मलम फासलेला. त्यानं गाडीची दारं उघडून परीक्षकाची कॅसेट लावली. परीक्षक मैदानाकडे बघत टेपरेकॉर्डरमध्ये बोलत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी ते बोलणं पथकाला ऐकवलं जातं. साठ-सत्तर माणसं डांबरावर बसून, कोणी डोनट खात, कोणी घोट्याला चिकटपट्टी लावत ऐकू लागली.

"छान… ही बॅरिटोनची कमान, स्वच्छ, वा, किती स्वच्छ," टेपमधला माणूस म्हणाला. "अंतर बघा, एकसारखं… अरेरे. मोठे बिगुल कुठे निघाले? पहिला घाईत आला. पहिला माणूस लवकर आला. कमान इतकी सुंदर होती आणि…"

डेलनं टेप बंद केली.

"वॉल्ट?"

"मी लवकर?" वॉल्ट म्हणाला. "मी माझ्या लग्नाला वेळेवर पोचलो नाही."

माणसं हसली. डेल हसला नाही.

"टेपवर आहे, वॉल्ट."

"टेपवर आहे म्हणजे आहे. मी मोजत होतो, बाबा. सोळा मोजले."

"कमान जागेवर होती. सगळ्यांनी ऐकलं." डेलनं वहीत काहीतरी खोडलं. "असं करू. अंतिम सामन्याला ती चाल पाच जणांची ठेवू. तू त्या गाण्याला मागे रेषेवर उभा राहा. तिथूनच वाजव."

वॉल्टनं बिगुलाची मुखनळी काढली आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. ती आधीच स्वच्छ होती.

कमानीच्या फिरत्या टोकाला गेली चौदा वर्षं बर्नडीन होती.

काल बाराव्या आकड्याला तिला कळलं होतं. आठपर्यंत टांग बरी पडली, मग गुडघा आतून सुटल्यासारखा झाला आणि पाऊल आखडलं. सोळाला ती दोन पावलं मागे होती. एकटी मागे राहती तर टोक वाकडं दिसलं असतं, परीक्षकानं तेच सांगितलं असतं, आणि गोष्ट तिथे मिटली असती. पण टोक मागे राहिलं तशी आख्खी कमान मागे राहिली. अकराच्या अकरा जणांनी आपापलं पाऊल तिच्या हिशोबानं आखूड केलं होतं. त्यामुळे आकार बिघडला नाही. चुकीच्या जागी इतकी सुरेख कमान बर्नडीननं जन्मात पाहिली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडीच्या सावलीत बसली. डब्यात कोबी घातलेल्या लोण्यातल्या शेवया होत्या, शुक्रवारच्या उरलेल्या. ट्रिशा ओलेनिक शेजारी येऊन बसली. ही कमानीतली अकरावी, टोकाच्या लगतची. बावीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी, चार वर्षांपूर्वी आली तेव्हा डावं-उजवं कळत नव्हतं.

"थोड्या दे ना," ट्रिशा म्हणाली आणि स्वतःच काट्यानं उचलल्या. जरा वेळानं, शेवयांकडेच बघत म्हणाली, "मला कळलं होतं काल. पाऊल लहान पडतंय ते."

बर्नडीननं चावणं थांबवलं. "मग तू पूर्ण का नाही टाकलंस?"

"हे तू विचारतेस?" ट्रिशा म्हणाली. "मैदानावरचा आपापला ठिपका बघायचा नाही, टोकाकडे बघायचं. कोणी शिकवलं? पहिल्या वर्षी रडले होते मी, की माझा ठिपका बरोबर होता तरी तू ओरडलीस. तू म्हणालीस, ही बर्नी जिथे असेल तिथे कमान. बाकी ठिपके गेले खड्ड्यात."

"असं म्हणाले मी?"

"याच्याहून वाईट शब्दांत."

समोर वॉल्ट आपला बिगुल मांडीवर आडवा घेऊन एकटा सॅंडविच खात होता.

"मी कोणाला काही सांगणार नाही," ट्रिशा म्हणाली.

तीच तर पंचाईत होती. कोणीच काही सांगणार नव्हतं. वॉल्ट त्या चालीतून वगळला की सहाऐवजी पाच जण येणार. पाचांना वाट कमी लागते. बर्नडीन दोन काय, तीन पावलं मागे राहिली तरी कोणी आदळणार नव्हतं. डेलनं तिच्या गुडघ्याला बेतूनच कपडा शिवून दिल्यासारखं झालं होतं. तीन आठवडे रेटले की अंतिम सामना, चोविसावा. मग हिवाळ्यात खरोखरच झालं म्हणता येईल, जेरल्डलाही आणि स्वतःलाही.

तिनं डबा झाकला. तिला वॉल्टची कीव आली असं नाही. वॉल्टनं सत्त्याहत्तर साली तिच्या बिगुलात खारवलेला मासा घातला होता, त्याची कीव करायचं काही कारण नव्हतं. तिला नुसता कंटाळा आला. अजून तीन आठवडे, सरावाच्या दिवशी तीस-तीस वेळा, बाराव्या आकड्याला मनातल्या मनात गुडघ्याची विनवणी करायची. अकरा शहाणीसुरती माणसं डोळे झाकून मागे येणार, आणि चौदा वर्षांत जमवलेला त्यांचा विश्वास आपण असा दर सरावाला थोडा थोडा खात राहायचं.

डेल पाण्याच्या पिंपाशी नाकावर पुन्हा मलम लावत होता.

"वॉल्ट लवकर नव्हता," बर्नडीन म्हणाली. "मी उशिरा होते."

"टेपवर तर कमान स्वच्छ म्हणतोय तो."

"स्वच्छच होती. अकराही जण माझ्याबरोबर चुकले."

डेलचं बोट नाकावरच राहिलं. तो स्वतः कधीकाळी मैदानात वाजवलेला माणूस होता, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं तिच्या पॅंटकडे, नेमकं उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. ती चालताना कोणी नीट पाहिलं असतं तर कळलंच असतं, पण तिच्याकडे बघायची कोणाला गरज वाटली नव्हती.

"किती दिवस?"

"आठ आकडे लांब टांगा पडतात. सोळा नाही पडत."

"मी दिवस विचारले."

"बरेच."

"काल सांगायचंस."

"काल वाटलं, कोणाला दिसलं नसेल," ती म्हणाली. "आणि नाहीच दिसलं."

डेलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "बिजागरीकडे जा मग. दुसरी जागा नाही माझ्याकडे. बाकीचे एकेक जागा टोकाकडे सरकतील."

बिजागरीवर यंदाच आलेली, दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली एक मुलगी होती. ती जागा नवख्यांसाठीच राखलेली. तिथे चुकायला काही नसतं, जागेवर पाय उचलायचे. बर्नडीननं मान डोलावली. हो म्हणायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला, आणि त्याचंच तिला जरा वाईट वाटलं.

डेलनं बारा जणांना आणि सहा जणांना एकत्र बोलावलं. "कालची चूक वॉल्टची नव्हती. कमान मागे राहिली."

"पण स्वच्छ होती ना?" कमानीतला एक जण म्हणाला.

"माझ्यामुळे मागे राहिली," बर्नडीन म्हणाली. "माझा गुडघा गेलाय. तुम्ही बरोबर केलंत. माझं बघून केलंत."

जो तो डांबराकडे बघायला लागला.

"म्हणजे मी वेळेवर होतो," वॉल्ट म्हणाला. "कोणीतरी माझ्या बायकोला फोन करून सांगा. एकसष्ट सालच्या लग्नापासून वाट बघतेय."

मग सगळ्यांनी गळ्यातल्या वह्या काढल्या. प्रत्येकाच्या वहीत आपापले ठिपके असतात, कुठल्या आकड्याला कुठल्या यार्डाच्या रेषेपासून किती पावलं. आता प्रत्येकानं टोकाकडच्या शेजाऱ्याची वही घेऊन उतरवायचं होतं. बर्नडीननं आपली वही ट्रिशाला दिली आणि त्या दाताच्या दवाखान्यातल्या मुलीकडून तिची घेतली. त्या गाण्याच्या पानावर एकच ओळ होती. तिच्यापुढे गोल अक्षरात 'हलू नको' लिहिलं होतं.

ट्रिशा मात्र बराच वेळ उतरवत बसली. बर्नडीनच्या पानावर चौदा वर्षांचं काय काय होतं. इथे श्वास. इथे डावा खांदा मागे. इथे उन्हात रेषा दिसत नाही, मोज. बाराव्या आकड्यासमोर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सांभाळ', आणि खाली गेल्या वर्षीची तारीख.

"हे पण उतरवू?" ट्रिशानं विचारलं.

"ते नको."

वॉल्ट बिगुल खांद्यावर चढवत तिच्याजवळून गेला. तेरा-चौदा किलोचं ते धूड चढवताना त्याच्या तोंडून कण्हणं निघालं. तो जरा थांबला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू का पोरी? मागे उभा राहा म्हणाला ना डेल, तेव्हा एक मिनिट बरं वाटलं मला. म्हटलं, चला, सोळा आकडे तरी धावायला नको."

"मग आता शिव्या घाल मला."

"घालतोय ना. मनात." तो आपल्या जागेवर गेला.

अडीचच्या सुमाराला त्यांनी ती चाल पहिल्यांदा करून पाहिली. बर्नडीन बिजागरीवर उभी राहिली. चौदा वर्षं तिच्या पलीकडे कोणी नव्हतं, नुसतं मैदान. आता तिच्या डाव्या खांद्यापासून अकरा माणसांची रांग सुरू होत होती, आणि पार टोकाला ट्रिशा होती, छोटी दिसत होती. ढोल वाजले. ट्रिशानं टांगा टाकल्या, घाबरून जरा जास्तच लांब, आणि बाकीचे तिच्या मागे ओढले गेले. बारा, तेरा, चौदा. सोळाला वाट पडली, चांगली ऐसपैस. वॉल्ट आणि त्याचे पाच जण तिच्यातून निघून गेले, कोणाचा कोणाला धक्का लागला नाही.

उंच शिडीवरून डेलचा कर्ण्यातला आवाज आला. "वाट बरोबर. कमान भयंकर. चौथा आणि सातवा कुठे बघत होतात? पुन्हा पहिल्यापासून."

रांगेतून एक मोठा उसासा निघाला. माणसं आपापल्या ठिपक्यांकडे परत चालायला लागली, आधी पोरं, मग पन्नाशीतली. बर्नडीनला कुठे जायचं नव्हतं. ती तिथेच उभी राहून बाकीचे यायची वाट बघत राहिली. जागेवर पाय उचलायला काहीच लागत नाही, असं तिनं इतकी वर्षं नवख्यांना सांगितलं होतं. तेही दुखत होतं. ढोलवाल्यानं काठी काठीवर आपटून चार मोजले, तिनं बिगुल तोंडाशी नेला आणि डावा पाय उचलला.