बाराशे वॅटचा सप्लाय

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी वडीगोद्रीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात कॉम्प्युटरच्या दोन हार्ड डिस्क एकाच वेळी जळाल्या. दुकानासमोरच्या हायवेवर आधल्या आठवड्यात झालेल्या अपघाताचं रेकॉर्डिंग त्या दोन डिस्कवर होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

अपघातात गयाबाई नावाची बाई जागीच गेली होती. ती आणि तिचा नवरा मारुती मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेने चालले होते. मारुती शेताच्या बाजूला होते, गयाबाई डांबराच्या बाजूला. गाडी धडक देऊन थांबली नाही. मेंढरं उधळली, धूळ उठली. धूळ बसेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता. गाडी कोणती, हे मारुतींना सांगता आलं नाही. समोर कॅमेरा असलेलं दुकान एकच होतं.

मी जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि डेटा रिकव्हरीचं काम करतो. मंगळवारी सकाळी तो कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला. आणणारे दोघे होते. दुकानाचे मालक भगवानराव आणि मारुती. भगवानराव बोलत होते. मारुती कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत होते.

"साहेब, दोन डिस्का हायेत," भगवानराव म्हणाले. "एक गेली तर दुसरी राहावी म्हणूनच दोन लावल्या व्हत्या. एका वक्ताला दोन्ही कशा जातील?"

"दोन्ही एकाच केबलवर होत्या का?"

"हो."

"मग जाऊ शकतात."

काय घडलं ते नंतर दोघांनी मला आपापलं सांगितलं. दोघांचं सांगणं जुळतं.

अपघातानंतर भगवानरावांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र, लहान चौकोनांत दिसत होती. त्यात एक पांढरी पिकअप आली आणि गेली. नंबर वाचण्यासाठी तो चौकोन मोठा केला की थोड्या वेळाने कॉम्प्युटर बंद पडायचा. पोलिस पेनड्राइव्ह घेऊन आले. कॉपी अर्ध्यात आली की पुन्हा तेच. तपास करणाऱ्या जमादारांनी मशीन नीट करून ठेवायला सांगितलं आणि मंगळवारी परत येतो म्हणाले.

भगवानरावांचा अंदाज असा की मशीनला वीज पुरत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला एक लोखंडी पेटी असते. भिंतीतली वीज घेऊन ती बारा व्होल्ट, पाच व्होल्ट अशी बारीक करून आतल्या भागांना देते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात, किंवा नुसतं सप्लाय. तिच्यावर लिहिलेले वॅट म्हणजे ती जास्तीत जास्त किती देऊ शकते, एवढंच. कॉम्प्युटर त्याला लागतं तेवढंच ओढतो. भगवानरावांचा कॉम्प्युटर दीडशे वॅटच्या वर जात नसावा. त्यात आधीपासून पाचशेचा सप्लाय होता. त्यांनी ऑनलाइन बाराशेचा मागवला.

"बाराशे कशाला?" मी विचारलं.

"मोटारीचा धंदा हाये माझा. पाच एचपीच्या मोटारीला तीनचं स्टार्टर लावा, जळतंय. धाचं लावा, काय व्हतंय? कायबी न्हाई. मंग हितं बी मोठंच बराबर ना?"

सोमवारी दुपारी त्यांनी स्वतः सप्लाय बदलला. मारुती शेजारी स्टुलावर बसले होते. भगवानरावांचा हात तारांवर बसलेला आहे. काम सफाईचं होतं, हे डबा उघडल्यावर मलाही दिसलं.

"मामा, आता बघा. ह्याच्यावर गावाची गिरणी चालंल," ते म्हणाले.

"गिरणी ऱ्हाऊ द्या, शेठ. गाडी दिसंल का?"

"दिसंल की. नंबर बी दिसंल."

या सप्लायच्या केबल पेटीपासून सुट्या होतात. जुन्या पेटीच्याही होत होत्या. मदरबोर्डच्या जुन्या केबल नव्या पेटीत बसल्या नाहीत, म्हणून भगवानरावांनी खोक्यात आलेल्या नव्या लावल्या. डिस्कची जुनी केबल मात्र बसली. ती डब्याच्या कडेने नेऊन पट्ट्यांनी घट्ट बांधलेली होती. रिवाइंडिंगच्या कामात नीट बसलेलं वायंडिंग कोणी विनाकारण उकलत नाही. त्यांनी केबल तशीच ठेवली आणि तिचं टोक नव्या पेटीत खोचलं.

डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. पेटीच्या बाजूच्या टोकाला असा नियम नाही. आकार एकच, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापला ठेवते. मी मीटर लावून बघितलं. जुन्या केबलमधून डिस्कच्या पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट येत होते.

एवढ्याने डिस्क मरतेच असं नाही. डिस्कच्या खाली सर्किटची एक पट्टी असते, तिच्यावर एक बारीक डायोड असतो. जादा व्होल्टेज आलं की तो शॉर्ट होतो आणि सगळा करंट स्वतःतून जाऊ देतो. लहान सप्लायला हा लोड झेपत नाही, तो बंद पडतो. डायोड जातो, डिस्क वाचते. असे डायोड बदलून मी बऱ्याच डिस्क चालू करून दिल्या आहेत.

बाराशेच्या सप्लायला तो लोड वाटलाच नाही. दोन्ही डायोड जळून तुटेपर्यंत तो करंट देत राहिला. डायोड तुटल्यावर बारा व्होल्ट पुढच्या चिपांवर गेले. भगवानरावांना व्हार्निश जळाल्यासारखा वास आला. तो वास त्यांच्या ओळखीचा. त्यांनी प्लग ओढला. तोपर्यंत पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता.

"बंद पडला नाही का मध्ये?" मी विचारलं.

"न्हाई. मला वाटलं, चांगला माल हाये."

जुना सप्लाय त्यांनी पिशवीतून आणला होता. मी तो टेस्टरला लावला. सगळे व्होल्टेज बरोबर होते. मग प्रोसेसरवरचा पंखा काढला. त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो. हवा त्यातून जाऊन प्रोसेसर थंड राहतो. त्या पात्यांमध्ये दुकानातली धूळ व्हार्निशच्या वाफेने चिकटून लोकरीच्या नमद्यासारखी बसली होती. जास्त काम दिलं की प्रोसेसर तापायचा आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करायचा.

"मंग पहिल्या सप्लायला काय झाल्तं?" भगवानरावांनी विचारलं.

"काही झालं नव्हतं."

"मंग मशीन कशानं बंद पडत व्हती?"

मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी नखाने धूळ खरवडली. ती निघाली.

"बस, हेच?"

"हेच."

मारुती पहिल्यांदा बोलले. "शेठ, तुमच्या डब्यात माझी बायको हाये म्हन्ले व्हते तुम्ही."

"व्हती, मामा."

"आता?"

भगवानराव माझ्याकडे बघू लागले. "प्रयत्न करू," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हा शब्द पहिल्या दिवशी वापरतात.

दोन्ही डिस्कच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. त्याच मॉडेलच्या जुन्या डिस्क मिळवून त्यांच्या पट्ट्या लावल्या. नुसती पट्टी लावून भागत नाही. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. त्या एकाच डिस्कची आतली मापं तिच्यात साठवलेली असतात. ती मापं दुसरीकडे सापडत नाहीत. चिप चांगली असली की ती काढून नव्या पट्टीवर बसवता येते. या दोन्ही चिप जळालेल्या होत्या.

डिस्क पुण्याला एका लॅबमध्ये पाठवल्या. तिथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. दरम्यान भगवानराव फोन करत होते. आधी रोज, नंतर दिवसाआड. मारुतींकडे फोन होता, पण ते करत नसत. एकदा अंबडला जबाब द्यायला गेले आणि तिथून बसने माझ्याकडे आले. चहा घेतला. डिस्कबद्दल विचारलं नाही. आत चित्र असतं ते कसं असतं, असं विचारलं. मी सांगितलं, चकतीवर चुंबकाच्या बारीक खुणा असतात.

"म्हंजी हाये ते, आतच हाये?"

"आतच आहे."

"पर दिसत न्हाई."

"नाही."

लॅबचं उत्तर आलं. दोन्ही डिस्कच्या आतलं वाचणारं हेडही जळालं होतं. हेड बदलून पाहिलं. मापांशिवाय डिस्क सुरू होत नाही. रेकॉर्डिंग मिळणार नाही. डिस्क कुरियरने परत आल्या. त्या मी पोलिसांकडे जमा केल्या.

या कामातून ग्राहकांना सांगण्यासारखं थोडंच आहे. जास्त वॅटचा सप्लाय कॉम्प्युटरला जास्त सुरक्षित करत नाही. जोडणी चुकली तर तो उशिरा थांबतो. सप्लाय बदलला की त्याच्या सगळ्या केबल बदलायच्या. आणि डिस्कवर एकमेव काही असेल तर मशीन दुरुस्त करण्याआधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची. वडीगोद्रीहून जालन्याला डिस्क आणायला एक बस पुरते.

पोलिसांनी पांढऱ्या पिकअपचा शोध घेतला. अशा गाड्या त्या रस्त्यावर दिवसभर जातात. पावसाळ्यानंतर, वाहन मिळून आलं नाही असा अहवाल अंबडच्या कोर्टात दाखल झाला. नियमाप्रमाणे फिर्यादीला बोलावून, अहवालावर हरकत आहे का, हे विचारतात; नसेल तर प्रकरण बंद होतं. मारुती आले. भगवानराव सोबत होते. हरकत नाही, असं मारुतींनी सांगितलं.