वाटीवरची इंदू

आमच्या शेजारच्या काकू बोलायच्या कमी आणि मांडायच्या फार. टेबलावर चार ताटं ठेवली तरी दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून बघायच्या; मग एखादा पेला बोटभर सरकवायच्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन चिंचवडच्या कंपनी कॉलनीत आले, तेव्हा दर दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्याकडे काकांच्या साहेब मंडळींची जेवणं असत. सगळी कॉलनी त्यांना मांडणीवाल्या काकू म्हणायची.

त्यांच्या सनमायकाच्या टेबलाची तेव्हा केवढी अपूर्वाई! त्यावर जुन्या इरकलीचा पट्टा, काकूंच्या माहेरची पितळी ताटं-वाट्या आणि त्यांना खेटून नव्या मेलामाइनच्या बशा. मध्ये तांब्यात थेरगावच्या मळ्यातला झेंडू. मी म्हटलं, "काकू, सगळं एकसारखं नको का?" तर म्हणाल्या, "अगं, जुन्यानं नव्याच्या मांडीला मांडी लावून बसावं. कोपऱ्यात ठेवलं की बिचारं दिसतं."

प्रत्येक पितळी भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, 'चि. इंदू हिस आईकडून'. ही इंदू कोण, असं मी विचारलं. "मीच की," काकू हसल्या. लग्नात काकांनी त्यांचं नाव वैजयंती ठेवलं होतं. कॉलनीत कुणाला इंदू ठाऊकच नव्हती. ताटं मांडताना मात्र काकू ते नाव पाहुण्यांकडे येईल असं फिरवून ठेवायच्या. कुणी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

काका वाईट नव्हते, हीच तर पंचाईत! कधी आवाज चढवला नाही. पण काकूंनी एकटीनं फाटकाबाहेर जायचं नाही म्हणजे नाही. भाजी काका आणायचे, साडी काका निवडायचे, पत्रसुद्धा पेटीत काकाच टाकायचे. काका पहिल्या शिफ्टला गेले की काकू गॅलरीत उभ्या राहून निगडीच्या बसकडे बघायच्या. "रिकामीच चाललीय बघ," म्हणायच्या.

एका दिवाळीत, पाडव्यानंतर, महिला मंडळानं हॉलमध्ये टेबल-मांडणी दाखवायला काकूंना बोलावलं. हॉल म्हणजे मागची तिसरी इमारत! काकूंनी चिंच लावून लावून भांडी लखलखीत केली. "एकदा तरी दुसरीकडचं टेबल मांडीन गं," म्हणाल्या. त्या सकाळी काकांनी भरलेली टोपली पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "त्यात काय, बायकांनाच इकडे बोलवा. आपलं टेबल काय वाईट आहे?" काकूंनी नेसलेली साडी बदलली. मी तावातावानं म्हटलं, "चला हो काकू, मी येते ना बरोबर!" त्या म्हणाल्या, "येईन गं. पण परत इथंच यायचंय ना मला."

पुढच्याच आठवड्यात काकांनी सगळं पितळ मोडीत घातलं आणि मोठ्या हौसेनं स्टीलचा डिनर सेट आणला. "घासून घासून हिचे हात काळे होतात," मला सांगत होते. बायका म्हणाल्या, नशीब काढलं हो! मला अस्सा संताप आला. काकूंनी तो सेट टेबलावर लावला, पण मागे जाऊन बघितलं नाही.

घरी येऊन फडताळ उघडलं तर समोर एक पितळी वाटी. पाडव्याला काकूंनी तिच्यातून बासुंदी पाठवलेली. भांडं रिकामं परत करायचं नसतं आणि माझे अनारसे तर तुपात विरघळलेले, म्हणून राहून गेलेली. साखर भरून तशीच धावले.

काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. स्वयंपाकघरात काकूंनी नावावरून अंगठा फिरवला. साखर काढून घेतली आणि वाटीत तांदूळ घातले, वर हळकुंड, सुपारी. मुलीची पाठवणी करताना ओटी भरतात ना, तशी. वाटी माझ्या पदराखाली सरकवत हळूच म्हणाल्या, "हिला परत इथं आणू नकोस."

आता काकूही नाहीत. दर पाडव्याला मी ती वाटी नव्या काचेच्या बशांशेजारी मांडते, नाव पाहुण्यांकडे करून. कुणीतरी वाचतं आणि विचारतं, "इंदू कोण हो?"

मी सांगते, "आमच्या शेजारी राहायची."