पाणी आमच्याच दारात

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका लहान प्रसूतिगृहात नर्स होते. आमच्या खोल्या तळमजल्यावर, मागे नाला, वर चार बिऱ्हाडं. पावसाळ्याआधी आम्हाला पुराची तयारी शिकवत: विहिरीत क्लोरीन किती टाकायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठसाखरेचं पाणी कसं पाजायचं. पूर येणार तो लोकांच्या घरात आणि आपण मदतीला जाणार, असंच सगळ्यांनी धरलेलं.

त्या जुलैत भरदुपारी मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं. डॉक्टरबाई आतल्या खोलीत एका पहिलटकरणीजवळ होत्या. मी मेन स्विच पाडला आणि बाळंतिणींना पोरांसकट वरच्या बिऱ्हाडांत पोचवलं. खाली परतले तर पाणी मांड्यांना लागलेलं, आणि लशींचा फ्रिज जागेवर नाही.

तो तरंगत होता! एवढं मोठं धूड, आडवं, हळूहळू पॅसेजमधून चाललेलं. मी नुसती बघत राहिले. तो जाऊन आतल्या खोलीच्या दाराला टेकला आणि अडकला. दार बाहेर उघडणारं.

"सिस्टर, दार का उघडत नाहीये?" डॉक्टरबाई आतून ओरडल्या. "डोकं दिसायला लागलंय!"

आतल्या पहिलटकरणीची सासू पॅसेजमधल्या बाकावर उभी होती, मालवणकडची. ती धपकन पाण्यात उतरली. "बघतस काय गो? ढकल!"

दोघींनी खांदा लावला. फ्रिज गरकन फिरला, त्याचं दार उघडलं आणि लशींच्या बाटल्या आमच्याभोवती पसरल्या. आम्ही खोलीचं दार ओढून उघडलं. आत टेबलाचे पाय बुडालेले. मी पोचले आणि पोर माझ्या हातात आलं, निळसर, गप्प. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे रडलं. वरच्या बिऱ्हाडांतल्या पुरुषांनी आईला चादरीत घालून वर नेलं. दोघं सुखरूप राहिली.

वर कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. शेजारी डॉक्टरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आपल्याकडे साधा दोर नव्हता गं," त्या म्हणाल्या. "एक टॉर्चसुद्धा नाही."

खाली पाणी अजून चढतच होतं.